हिंदुरावाचा चेहरा आणि आदर्श गाव

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव गेली अनेक वर्षे महाराष्ट्राला आदर्श म्हणून दाखवले जाते. १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे या गावी परतले. पुढे पाणी अडवणे, दारूबंदी आणि श्रमदान यांमुळे राळेगणचे नाव देशभर गेले. त्याच १९७५ साली मराठी पडद्यावर आणखी एक गाव अवतरले. त्या गावात साखर कारखाना होता, सहकाराचा पसारा होता, भरभराट होती, आणि या सर्वांचा धनी होता हिंदुराव धोंडे पाटील. चित्रपट होता 'सामना' आणि हिंदुराव रंगवला होता निळू फुले यांनी. पहिले गाव खरे, दुसरे कल्पनेतले. परंतु आमचे म्हणणे असे की, ही दोन गावे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय निळू फुले या नटाची थोरवी कळत नाही, आणि आदर्श गावाला कोणता प्रश्न विचारायचा हेही कळत नाही.

निळकंठ कृष्णाजी फुले यांचे निधन १३ जुलै २००९ रोजी पुण्यात झाले. नव्या पिढीला ते नकलाकारांच्या तोंडूनच ठाऊक आहेत. घोगरा आवाज, अर्धवट मिटलेले डोळे आणि बाईला वाड्यावर बोलावणारा सरपंच, एवढ्यावर त्यांचे आयुष्य संपवले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहेच, पण त्यापेक्षा मोठा अन्याय तो सरपंच ज्यांच्या उरावर बसला होता त्यांच्यावर आहे. खलनायकाची नक्कल करून लोक हसू लागले की, खलनायकी कोणावर चालली होती हे विसरले जाते.

निळूभाऊ पुण्याचे. जन्म १९३० च्या आसपासचा. घरची परिस्थिती बेताची. वडील लोखंडाच्या मोडीचा आणि भाजीचा धंदा करून संसार चालवीत. फुले हे आडनाव आणि हातात माळीकाम! पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत हा तरुण माळी म्हणून कामाला लागला. पगार महिना ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये तो राष्ट्र सेवा दलाला देई. स्वतःची रोपवाटिका काढावी असे त्याच्या मनात होते, ते पैशाअभावी राहून गेले. हा तपशील आम्ही मुद्दाम देतो. आमच्या कितीतरी कार्यकर्त्यांनी तुटपुंज्या मजुरीतून चळवळीचा वाटा आधी बाजूला काढला आणि मग मीठमिरची आणली. मिळकतीचा आठवा हिस्सा समाजाला देणारा माणूस पुढे कितीही मोठा नट झाला तरी कोणाच्या बाजूने उभा राहील, हे त्या दहा रुपयांतच ठरून गेले होते.

सेवा दलाचे कलापथक ही त्यांची नाट्यशाळा. तेथे शिकायला मिळाले ते लोकनाट्य. या लोकनाट्याचे मूळ कोठे आहे, हे प्रस्थापित समीक्षक ओझरते सांगतात. गण, गवळण, बतावणी आणि वग ही सगळी मिळकत तमाशाची, आणि तमाशा जगवला तो महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी. ज्या नगर जिल्ह्यात राळेगण आहे, त्याच जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा ही या कलेची एके काळची सम्राज्ञी. सत्यशोधकांनी हाच बाज उचलून जलसे उभे केले. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलशातून बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. सेवा दलाने तोच साचा मध्यमवर्गापर्यंत पोहोचवला. म्हणजे निळू फुले ज्या रंगमंचावर घडले त्याची पायाभरणी आमच्या माणसांनी केली होती. सत्तेची टोपी उडवायची, पाटलाला आणि पुढाऱ्याला भर चौकात प्रश्न विचारायचा, ही बतावणीतल्या सोंगाड्याची जुनी रीत. निळूभाऊंनी तीच आयुष्यभर वापरली, फक्त बाजू बदलून. सोंगाडी पुढाऱ्याला चिमटे काढतो. निळूभाऊ स्वतःच पुढारी होऊन उभे राहिले आणि पुढारी आतून कसा असतो ते दाखवले.

पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्याने त्यांना पहिली ओळख दिली. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने त्यांना महाराष्ट्रभर फिरवले; त्याचे प्रयोग हजारांच्या घरात गेले. राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळीही सेवा दलाच्याच वर्तुळातली. कष्टकरी घरांतून आलेल्या या मुलांनी नाट्यगृहाचा उंबरा ओलांडला, तो शुद्ध उच्चारांच्या जोरावर नव्हे. आपली बोली, आपली चाल, आपला खाकरण्याचा ढंग घेऊनच ते आत गेले.

१९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' या चित्रपटात निळूभाऊ झेले अण्णा झाले. येथून पुढची चार दशके मराठी चित्रपटाला गावचा दुष्ट माणूस हवा असला की निर्माता त्यांच्याकडेच जाई. जत्रेतल्या तंबूत पांढरा पडदा लागे, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष बसत, आणि निळूभाऊ पडद्यावर आले की बायका बोटे मोडून शिव्या देत. नटाला याहून मोठी पावती कोणती? त्यांच्या दुष्टपणात आरडाओरडा नव्हता. डोळे वटारणे नाही, गडगडाटी हसणे नाही. आवाज उलट खाली येई. शब्द सावकाश पडत. एका नजरेत समोरच्याची जमीन, बाई आणि हिंमत यांचे मोजमाप होऊन जाई. गावात ज्याची सत्ता असते त्याला ओरडावे लागत नाही, हे त्यांनी नीट पाहून ठेवले होते. ओरडतो तो दुबळा. सत्तावान माणूस हळू बोलतो, कारण त्याचे ऐकण्यासाठी बाकीचे गप्प बसलेले असतात!

रंगभूमीवर त्यांनी याहून अवघड काम केले. १९७२ साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, तोंडाने शिवराळ, लग्नसंस्थेला न मानणारा आणि तरीही घरात नवऱ्याचीच हुकूमत गाजवणारा हा सखाराम निळूभाऊंनी उभा केला. संस्कृतिरक्षकांचे पित्त खवळले. परिनिरीक्षण मंडळाने कात्री उगारली, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. दांभिकांना त्या नाटकातल्या शिव्या टोचल्या. घराघरात चालणारी मारहाण मात्र त्यांना कधी टोचली नव्हती. या सगळ्या गदारोळात निळूभाऊ भूमिकेपासून मागे हटले नाहीत.

आता 'सामना'कडे वळू. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक तेंडुलकर आणि निर्माते रामदास फुटाणे. फुटाणे नगर जिल्ह्यातल्या जामखेडचे. साखर कारखान्यांचे राजकारण नगर जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी रोवली गेली. चित्रपटात हिंदुरावाच्या गावी एक दारुडा मास्तर येऊन पडतो. कधी काळचा स्वातंत्र्यसैनिक, आता पार मोडलेला. ही भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची. हिंदुराव त्याला सोडून देत नाही, उलट वाड्यावर नेतो, खाऊ-पिऊ घालतो आणि आपले साम्राज्य कौतुकाने दाखवतो. आणि मास्तर एकच विचारत सुटतो, मारुती कांबळे कोठे गेला. सगळ्या गावाला ते ठाऊक आहे. सांगत कोणीच नाही.

वाचकहो, या आडनावाकडे लक्ष द्या. गावात कारखाना आहे, वैभव आहे, हिंदुरावाकडे बोट दाखवायला जागा नाही. फक्त एक कांबळे कमी आहे! सबंध विकासाच्या ताळेबंदात एका माणसाचा हिशेब लागत नाही. हिंदुरावाला साधा गुंड करून टाकणे निळूभाऊंना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. त्यांचा हिंदुराव कर्तबगार आहे, रसिक आहे, पाहुण्याची काळजी घेणारा आहे, गावाचे आपण भले केले असे मनापासून मानणारा आहे. म्हणूनच तो भयंकर आहे. आपण इतके केले त्यापुढे एक माणूस गेला तर काय बिघडले, हे त्याच्या चेहऱ्यावर न बोलता दिसते. हा चित्रपट बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. मास्तरांचा तो प्रश्न तर मराठी भाषेत म्हणीसारखा रुजला.

असा प्रश्न जगात अन्यत्रही विचारला गेला आहे. १९५४ च्या 'ऑन द वॉटरफ्रंट' या अमेरिकन चित्रपटात बंदरावरच्या एका कामगाराचा खून होतो. साऱ्या गोदीला ते माहीत असते आणि सारी गोदी गप्प असते. गोदी कामगारांच्या भ्रष्ट पुढाऱ्याची भूमिका ली जे. कॉब या चरित्र अभिनेत्याने केली होती. हाच कॉब १९४९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'डेथ ऑफ अ सेल्समन'मधला खचलेला विक्रेता होऊन गाजला होता. परंतु १९५३ साली कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सरकारी समितीच्या दबावापुढे तो वाकला आणि त्याने सहकाऱ्यांची नावे सांगितली. दोघेही नट मोठे. पडद्यावर दोघांनीही दंडेली रंगवली. पडद्याबाहेर दंडेलीला तोंड देण्याची वेळ आली तेव्हा दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

निळूभाऊंची वाट कोणती होती? डॉ. लागू यांच्यासह त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीचे काम उचलले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे यासाठी हा निधी. तो उभा करायला नामवंत कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर ही या कामातली सोबतची माणसे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठांवर निळूभाऊ उभे राहत आणि पडद्यावरच्या सरपंचाला पाहायला जमलेल्या गर्दीला बुवाबाजीविरुद्ध चार शब्द ऐकवून परत पाठवत. अफाट वाचन आणि साधी राहणी हे त्यांचे वैभव. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला म्हणून त्यात फरक पडला नाही. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भर रस्त्यात खून झाला. तो पाहायला निळूभाऊ नव्हते.

आता राळेगण. पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागले की भीमा कोरेगाव लागते, शिरूर मागे पडते, आणि पारनेर तालुक्यात शिरल्यावर आत वळून राळेगण येते. अवर्षणाचा मुलूख. येथे नाले अडले, पाझर तलाव झाले, विहिरींना पाणी आले, ही गोष्ट लहान नव्हे. दलित कुटुंबांवरील कर्ज गावाने त्यांच्या शेतात श्रमदान करून फेडले, याचीही नोंद आहे. ते आम्ही नाकारीत नाही. मात्र याच गावात दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले जात असे, हेही जगजाहीर आहे आणि खुद्द अण्णांनी ते लपवलेले नाही. सुधारणेचे केंद्र देऊळ होते. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की, या शिस्तीचा भार दलित वस्तीच्या ताटापर्यंत पोहोचला, मांसाहार सोडण्यापर्यंत गेला.

येथे गैरसमज नको. अण्णा हजारे म्हणजे हिंदुराव असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे असत्य ठरेल. अण्णांनी कारखाना बळकावला नाही की वाडा बांधला नाही. आमचा मुद्दा माणसाचा नसून गावगाड्याच्या घडणीचा आहे. एक माणूस ठरवतो आणि गाव मान डोलावते, मग ठरवणारा साधू असो वा साखरसम्राट, ज्याला मान डोलवायची नाही त्याचे काय होते? खेडे हे लोकशाहीचे आदर्श एकक आहे असे मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खडसावले होते. त्यांनी खेड्यातला अज्ञानाचा, संकुचितपणाचा आणि जातीयतेचा बुजबुजाट दाखवला आणि घटनेचा पाया गाव न ठेवता व्यक्ती ठेवला, ही समाधानाची बाब मानली. व्यक्ती म्हणजे कोण? गावात जो एकटा पडू शकतो तो. बाबासाहेबांच्या घटनेने हक्क दिले ते मारुती कांबळेला.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल, त्याने जामखेड तालुक्यात जावे. ज्या तालुक्याने 'सामना'चा निर्माता दिला, त्याच तालुक्यातल्या खर्डा गावी एप्रिल २०१४ मध्ये एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा जीव घेतला गेला. सवर्ण मुलीशी प्रेमसंबंध असल्याचा संशय हे कारण पुढे आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला तेव्हा आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले होते. न्यायालयाने कोणाला दोषी धरले नाही, म्हणून आम्हीही कोणाचे नाव घेत नाही. पण तो मुलगा तर मेला ना? मग त्याला मारले कोणी? एकोणचाळीस वर्षांपूर्वी तेंडुलकरांनी लिहिलेला आणि लागूंच्या तोंडून आलेला प्रश्न नगर जिल्ह्याच्या मातीत जसाच्या तसा उभा राहिला. विचारणारा मास्तर तेवढा नव्हता!

या गप्प राहण्याचे दुःखही निळूभाऊंनी रंगवले आहे, हे विसरता कामा नये. १९७९ साली अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर जब्बार पटेलांनी 'सिंहासन' काढला. त्यात निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीखाली चाललेली खेचाखेची हा पत्रकार रोज पाहतो, सगळे त्याला कळते, आणि कळण्याचा काही उपयोग होत नाही. शेवटी त्याचे भान सुटते. चार वर्षांपूर्वी ज्याने गावाला मुके केले होते, तोच नट येथे पाहूनही हतबल राहणारा साक्षीदार झाला. हिंदीतही ते 'कुली', 'सारांश' अशा चित्रपटांत दिसले. १९८४ च्या 'सारांश'मधला गजानन चित्रे हा राजकारणी शहरात येऊन स्थायिक झालेला हिंदुरावच वाटतो.

निळूभाऊंचे कौतुक करताना मराठी चित्रपटाला मात्र आम्ही सवलत देणार नाही. या चित्रपटसृष्टीने त्यांच्याकडून तोच सरपंच शेकडो वेळा करून घेतला आणि गावातील अन्यायाचे खापर एका विषयी माणसाच्या वासनेवर फोडले. शेवटी नायक येतो, सरपंचाला बदडतो, गाव शुद्ध होते. जात कोठेच नाही! महारवाडा नाही, मांगवाडा नाही, पाणवठ्याचा वाद नाही. बाबा आढाव १९७० च्या दशकात एक गाव एक पाणवठा मोहीम घेऊन शेकडो गावे फिरत होते, दलितांना विहिरीवर चढू न देणारी गावे मोजून दाखवत होते. त्याच काळात पडद्यावरच्या गावात सगळे एकाच विहिरीचे पाणी पीत होते. 'सामना'नेही एक आडनाव ठेवले आणि पुढचे प्रेक्षकावर सोडले. ते आडनाव किती जणांना ऐकू गेले? २०१४ साली नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला तेव्हा कॅमेरा प्रथमच गावकुसाबाहेर उभा राहून गावाकडे पाहू लागला. निळूभाऊंनी वाड्याचा दरवाजा आतून उघडून दाखवला होता. बाहेरून दगड मारायला जब्या यावा लागला.

निळूभाऊंच्या अखेरच्या कामांत 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा शेतकरी आत्महत्येवरचा चित्रपट आहे. माळीकामापासून निघालेला माणूस शेवटी मातीच्या दुःखापाशी येऊन थांबला. त्यांना जाऊन आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. वाडे पडले, काहींची मंगल कार्यालये झाली. हिंदुरावाने धोतर सोडून खादीचा कडक इस्त्रीचा कपडा घातला, पक्षही बदलले. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. गावोगाव आदर्श ग्रामाच्या कमानी उभ्या राहिल्या.

आमच्या कार्यकर्त्यांनी त्या कमानींखालून जरूर जावे. पाझर तलाव पाहावेत, झाडे मोजावीत, जे चांगले आहे ते शिकून घ्यावे. पण परतण्यापूर्वी ग्रामसभेचे वहीबुक उघडून पाहावे. वस्तीतल्या किती बाया-माणसांनी तेथे तोंड उघडले, किती जणांनी विरोधात हात वर केला, आणि हात वर करणारा दुसऱ्या दिवशी गावात सुखाने फिरू शकला काय, एवढे विचारावे. उत्तर देताना कोणी आवाज खाली आणला, डोळे अर्धवट मिटले आणि सावकाश बोलू लागला, तर थांबून वस्तीत जावे आणि कोण कमी आहे त्याची यादी करावी.